पाषाणांत राहिलेलें गाणें

मूर्तिकार मरतो, पण त्याची मूर्ति मागें राहते. कवि जातो, त्याचें काव्य पोथ्यांतून आणि लोकांच्या मुखांतून पुढें चालतें. स्थपतीचें देऊळ पडकें झालें तरी जोत्यावरून मूळ बांधणीचा अदमास करतां येतो. गवई मात्र गेला कीं त्याचा गळा त्याच्याबरोबर जातो. वादकाचें वाद्य राहिलें तरी तें वाजविणारीं बोटें राहत नाहींत. ध्वनि धरून ठेवून पुन्हां ऐकविणारें यंत्र एडिसननें १८७७ सालीं तयार केलें. त्यापूर्वींच्या हजारों वर्षांतील प्रत्येक मैफल ऐकणारांच्या कानांबरोबरच संपली. अशा कलावंताचें थडगें बांधावयाचें झालें तर त्यावर काय कोरावें? प्राचीन ग्रीक व रोमन लोकांपुढें हा प्रश्न खरोखरीच आला होता, आणि त्यांनीं दगडावर लिहून ठेवलेलीं कांहीं उत्तरें आजहि वाचतां येतात.

त्या लोकांत मरण आणि संगीत यांचें नातें फार जवळचें होतें. रोमन लोकांचा सर्वांत जुना लेखी कायदा म्हणजे इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या मध्यांतील बारा पाटांचा कायदा. प्रेतयात्रेच्या थाटमाटास आळा घालतांना त्या कायद्यानें वादकांवरहि मर्यादा घातली: एका प्रेतयात्रेंत दहांहून अधिक पांवेवाले नसावेत. मर्यादा घालावी लागली, यावरूनच हौस किती होती तें दिसतें. मध्य इटलींतील आमितेर्नुम या प्राचीन गांवीं सांपडलेलें एक कोरीव शिल्प लाक्विला येथील संग्रहालयाचें म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत मृत मनुष्य उंच पलंगावर ठेवलेला असून शोक करणारीं माणसें आणि पांवे व वांकडीं शिंगें वाजविणारे यांची सारी मिरवणूक दाखविली आहे. दुसऱ्याच्या मरणाला सूर पुरविणें हा या वादकांचा पोटाचा धंदा होता. त्याच कायद्यानें शहराच्या हद्दींत प्रेत पुरण्यास किंवा जाळण्यास मनाई केलेली होती. त्यामुळें रोमन थडगीं वेशीबाहेर, हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभीं राहूं लागलीं आणि त्यांवरील लेख वाटसरूला उद्देशून बोलूं लागले. वाटसरूनें थांबावें, वाचावें आणि मृताचें नांव एकदां तोंडानें उच्चारावें, एवढीच त्या लेखांची मागणी असे.

या वादकांवांचून शहराचें किती अडत असे, याची एक गोष्ट इतिहासकार लिव्ही यानें सांगितली आहे. इ. स. पूर्वीं ३११ च्या सुमारास रोममधील पांवेवाल्यांना ज्युपिटरच्या देवळांत बसून जेवण्याची पूर्वापार सवलत होती, ती अधिकाऱ्यांनीं काढून घेतली. झालें! सारे पांवेवाले उठले आणि शेजारच्या तिबुर गांवीं निघून गेले. रोममध्यें यज्ञयाग अडले; कारण पांव्यावांचून बलि देतां येत नसे. शेवटीं तिबुरकरांनीं मेजवानीच्या निमित्तानें त्यांना भरपूर मद्य पाजलें, झोपीं गेलेल्यांना गाड्यांत घातलें आणि रातोरात रोमला पोंचविलें. सकाळीं जाग येते तों मंडळी रोमच्या चौकांत! पुढें त्यांची सवलत त्यांना परत मिळाली आणि वर्षांतून तीन दिवस नटूनथटून गात-वाजवीत शहरांतून हिंडण्याचा मानहि मिळाला. ही गोष्ट विनोदी खरी. पण तींत एकाहि वादकाचें नांव नाहीं. समाजाला त्यांचा सूर हवा होता. ते कोण हें लक्षांत ठेवण्याची गरज कोणास वाटली नाहीं. थडग्यावरच्या लेखाचें महत्त्व येथें कळतें. इतिहासकारानें जें सोडून दिलें तें दगडानें सांभाळलें.

अशा लेखांचा एक उत्तम नमुना अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तु-संग्रहालयाकडे आहे. तो इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांतला असून पोतामोन नांवाच्या थीब्जच्या वादकाचा आहे. हा वादक औलोस वाजवीत असे. औलोस म्हणजे दोन नळ्या एकदम तोंडांत धरून वाजविण्याचें वाद्य. इंग्रजी पुस्तकांतून त्यास बांसरी म्हणण्याची चाल पडली होती. पण त्याला पत्ती असे, म्हणून त्याची जात बांसरीपेक्षां सनईशीं जवळची. थीब्ज हें शहर या वाद्याच्या उस्तादांबद्दल साऱ्या ग्रीसमध्यें नांवाजलेलें होतें. पोतामोनच्या शिळेवर बसलेला वडील पुरुष व त्याच्यासमोर उभा असलेला तरुण कोरला आहे. वरील लेखाचा मथितार्थ असा कीं, या कलेंत सर्व ग्रीसनें ज्याला पहिला मान दिला त्याचा देह येथें आहे, आणि असा पुत्र दिल्यामुळें पिता ओलिंपिखोस याची कीर्ति अधिकच वाढली आहे. शेजारीं पत्नी पात्रोक्लेया हिचेंहि नांव आहे. घराण्याचा हा अभिमान आपल्याकडील गवयांच्या घरांत वाढलेल्या कोणासहि परका वाटणार नाहीं. परंतु पोतामोन कसा वाजवी, त्याचा पल्ला केवढा, त्याचा सूर गोड कीं करारी, याविषयीं दगड अगदीं मुका आहे. मान राहिला, कला गेली.

याच्या अगदीं उलट प्रकार अथेन्सच्याच दाफ्नी या उपनगरांत १९८१ सालीं उघडकीस आला. तेथें इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक थडगें सांपडलें. त्यांत कांसवाच्या पाठीचें तंतुवाद्य, एका त्रिकोणी वीणेचे लांकडी तुकडे, औलोसची नळी, लिहिण्याच्या लांकडी पाट्या आणि पपायरसच्या गुंडाळीचे अवशेष मिळाले. लांकूड आणि पपायरस ग्रीसच्या मातींत सहसा टिकत नाहीं. म्हणून हा शोध विशेष मोलाचा ठरला, आणि या वस्तु आतां पिरिअसच्या संग्रहालयांत आहेत. तेथें वाद्यें आहेत, लेखन-साहित्य आहे, कलावंताच्या अस्थि आहेत. नाहीं तें फक्त नांव. पोतामोनच्या शिळेनें नांव राखलें आणि वाद्य गमावलें, दाफ्नीच्या थडग्यानें वाद्य राखलें आणि नांव गमावलें.

तिसरें उत्तर हंगेरींतून येतें. आजच्या बुदापेस्त शहराच्या जागीं रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरचें आक्विंकुम हें ठाणें होतें व तेथें दुसऱ्या सहायक पलटणीचा तळ असे. या पलटणीच्या पदरीं तितुस ऐलिउस युस्तुस नांवाचा एक पगारी वादक होता. त्याचें वाद्य म्हणजे जलऑर्गन. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओस या कारागिरानें तें शोधून काढलें. नळ्यांत जाणारी हवा पाण्याच्या भारानें सारखी दाबली जाई, म्हणून त्याचा सूर हेलकावे न खातां एकसारखा निघे, व तो मोठा असल्यामुळें मल्लयुद्धाच्या आखाड्यांतून व नाटकगृहांतूनहि ऐकूं जाई. या युस्तुसनें आपल्या पत्नीसाठीं, ऐलिया साबिना हिच्यासाठीं, दगडी शवपेटी करविली. ती आक्विंकुमच्या संग्रहालयाकडे असून तिच्यावर लॅटिन पद्यांत लेख आहे.

तो लेख साध्या नवऱ्याचा आहे, पंडिताचा नाहीं. त्यांत बायकोच्या शीलाची स्तुति आहे, पण ती एका शब्दांत आटोपली आहे. उरलेल्या ओळी तिच्या कलेला दिल्या आहेत. तिचा गळा गोड होता, ती अंगठ्यानें तारा छेडीत असे, आणि लोकांसमोर जलऑर्गन वाजवून तिनें वाहवा मिळविली, असें तो सांगतो. याहून मोठी गोष्ट म्हणजे, या विद्येंत ती आपल्या नवऱ्याच्याहि वरचढ होती, असेंहि त्यानेंच लिहविलें आहे. ज्याचें पोट त्याच वाद्यावर चालत होतें त्या माणसानें हें दगडावर कायमचें मान्य करावें, यांत त्याच्या दुःखाचें माप सांपडतें. तिचें वय देतांना तो सरळ पंचवीस म्हणत नाहीं; तीस वर्षें म्हणून त्यांतून हळहळत पांच वजा करतो, मग तीन महिने आणि दोनदां सात दिवस त्यांत मिळवितो. वर्षें संपलीं तरी दिवसहि सोडवत नाहींत, असा हा हिशेब आहे. लेखाच्या शेवटीं वाचणाराला शुभ चिंतून, साबिनेचें नांव घेऊन तिला निरोप द्यावा, अशी विनंति आहे.

योगायोग असा कीं, याच आक्विंकुममध्यें १९३१ सालीं एका लहान ऑर्गनचे अवशेष सांपडले. अग्निशामक कारागिरांच्या मंडळाच्या इमारतीस आग लागली तेव्हां तें वाद्य तळघरांत कोसळलें. लांकूड-चामडें जळून गेलें, पण कांशाच्या नळ्या व पट्ट्या राहिल्या. चार ओळींत तेरा-तेरा मिळून बावन्न नळ्या होत्या. इ. स. २२८ सालीं गायुस युलिउस वियातोरिनुस यानें तें वाद्य मंडळाला भेट दिलें, असें त्यावरील पाटी सांगते. त्यांत हवा पाण्यानें दाबली जाई कीं भात्यानें, याविषयीं मतभेद आहे. तें वाद्य साबिनेचें होतें असें म्हणावयास आधार नाहीं. पण तिची बोटें ज्या जातीच्या वाद्यावर फिरलीं त्याचा सांगाडा त्यामुळें हातीं आला. नांव आहे, प्रेम आहे, वाद्याचा सांगाडाहि आहे. तरी तिनें वाजविलेली गत कोणासहि ऐकतां येत नाहीं.

ती उणीव भरून काढणारा एकच दगड प्राचीन जगानें मागें ठेवला. आशिया मायनरमध्यें, आजच्या तुर्कस्तानांत, स्मर्ना बंदरापासून ऐदिन गांवापर्यंत इंग्रज कंपनीनें लोहमार्ग घातला होता. ऐदिनजवळ प्राचीन त्रालेस शहराचे अवशेष आहेत. तेथें सांपडलेल्या संगमरवरी गोल स्तंभावरील लेख विल्यम रॅम्से या पुराणवस्तु-संशोधकानें १८८३ सालीं प्रसिद्ध केला. स्तंभ सुमारें दोन फूट उंचीचा. वर दोन ओळींचें पद्य आहे. त्यांत दगड स्वतःच बोलतो, आणि सैकिलोसनें आपणांस दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीची खूण म्हणून येथें स्थापिलें आहे, असें सांगतो. त्याखालीं एक लहानसें गाणें आहे. आयुष्य थोडें, काळ आपलें येणें वसूल केल्यावांचून राहत नाहीं. म्हणून जीव आहे तोंवर माणसानें प्रसन्न असावें आणि शोक धरून बसूं नये, हा त्याचा भावार्थ. हा स्तंभ थडग्यावरचाच असला पाहिजे असें बहुतेकांचें मत आहे. कांहींजण त्याविषयीं शंका घेतात. लेखाचा काळ इसवी सनाचें पहिलें किंवा दुसरें शतक.

गाण्याच्या शब्दांवर बारीक अक्षरें व चिन्हें कोरलेलीं रॅम्सेला दिसलीं, पण त्यांचा उलगडा झाला नाहीं. आठ वर्षांनीं, १८९१ सालीं, कार्ल वेसेली या विद्वानानें तीं चिन्हें म्हणजे स्वरलिपि आहे हें ओळखलें. किल्ली पूर्वींच हातीं होती. अलिपिओस नांवाच्या ग्रंथकारानें प्राचीन काळाच्या उतरणीस ग्रीक स्वरचिन्हांचीं कोष्टकें लिहून ठेवलीं होतीं, व तीं माइबोम यानें १६५२ सालीं आम्स्टरडॅममध्यें इतर ग्रीक संगीत-ग्रंथांबरोबर छापलीं होतीं. ग्रीकांच्या दोन स्वरलिपि असत, एक गळ्यासाठीं आणि एक वाद्यासाठीं. सैकिलोसच्या स्तंभावर गळ्याची लिपि आहे. प्रत्येक अक्षरावर वर्णमालेंतील एखादें चिन्ह स्वर दाखवितें. त्यावरची आडवी रेघ दोन मात्रा आणि कोपऱ्याची रेघ तीन मात्रा दर्शविते. टिंबांनीं ठेक्याचा भाग सुचविला आहे. चार ओळी, प्रत्येक ओळ बारा मात्रांची. बारा म्हटल्यावर एकताल आठवेल, पण साम्य आंकड्यापुरतेंच समजावें.

स्वरांविषयीं मात्र थोडें अधिक सांगतां येतें. सबंध गाण्यांत आठच चिन्हें आहेत व तीं एका सप्तकाच्या टोंकापासून टोंकापर्यंत पोंचतात. पहिल्या स्वरास षड्ज मानलें तर पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीनें खमाज थाटाचे स्वर मिळतात. ज्या सर्वांत खालच्या स्वरावर गाणें थांबतें त्यास षड्ज मानलें तर तेच स्वर काफी थाटाचे ठरतात. याचा अर्थ ग्रीक लोक खमाज किंवा काफी गात असा नव्हे. स्वरांच्या अंतरांची कल्पना यावी एवढ्यापुरतीच ही तुलना. गाण्याचा आरंभ षड्जावरून एकदम पंचमावर उडी घेऊन होतो, आणि ती उडी नेमकी आनंदाच्या उपदेशावर पडते. मग चाल वर-खालीं वळसे घेत राहते. काळाचें येणें सांगणाऱ्या शेवटच्या शब्दाचें शेवटचें अक्षर आलें म्हणजे, तोंपर्यंत कोठेंहि न आलेले दोन खालचे स्वर येतात आणि गाणें तेथें विसावतें. शब्दांचा अर्थ आणि सुरांची वाट एकमेकांस अशीं मिळालेलीं आहेत.

यापूर्वीं ग्रीक संगीत अगदींच अज्ञात होतें असें नाहीं. प्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ याचा पिता व्हिंचेन्झो गॅलिलेई यानें १५८१ सालीं मेसोमेदीस नांवाच्या ग्रीक गवयाचीं स्तोत्रें स्वरचिन्हांसह छापलीं होतीं. पुढें १८९३ सालीं डेल्फीच्या उत्खननांत अपोलोचीं स्तोत्रें भिंतीच्या दगडांवर कोरलेलीं मिळालीं, व तीं सैकिलोसच्या गाण्याहून जुनीं आहेत. पण मेसोमेदीसचीं स्तोत्रें हस्तलिखितांच्या नकलांतून आलीं आणि डेल्फीचीं फुटून तुकडे झालेलीं आहेत. आरंभापासून शेवटापर्यंत एकहि स्वर न गळतां आलेलें सर्वांत जुनें गाणें म्हणून सैकिलोसच्या या चार ओळींचाच मान आहे.

एवढें मोलाचें रत्न जगलें तें मात्र केवळ दैवानें. लोहमार्ग कंपनीच्या एडवर्ड पर्सर या अधिकाऱ्याकडे तो स्तंभ होता. त्याचें बूड फुटलेलें होतें; तो सरळ उभा राहावा म्हणून तें करवतीनें सपाट करण्यांत आलें आणि पर्सरबाईंच्या फुलझाडांच्या कुंडीखालीं त्याची बैठक झाली, असें सांगतात. त्या कापाकापींत लेखाची शेवटची ओळ दुखावली. पुढें स्तंभ पर्सरच्या जांवयाकडे स्मर्नाजवळील बुजा येथें गेला. १९२२ च्या सप्टेंबरांत युद्धाच्या अखेरीस स्मर्ना शहर आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्या धामधुमींत डच वकिलानें स्तंभ सांभाळला. नंतर त्याच्या जांवयानें तो कॉन्स्टँटिनोपल व स्टॉकहोम मार्गें हेग येथें नेला. १९६६ सालीं कोपनहेगनच्या डॅनिश राष्ट्रीय संग्रहालयानें तो विकत घेतला, तेव्हां कोठें त्याची वणवण थांबली.

दगडावर स्वर कोरण्याची कल्पना आपल्या देशासहि परकी नाहीं. तामीळ प्रांतांत पुदुकोट्टैजवळ कुडुमियानमलै येथें एका डोंगराच्या उतारावर सातव्या शतकांतला समजला जाणारा शिलालेख आहे. त्यांत सात भागांत, चार-चारांचे गट पाडून, स्वरांच्या रचना कोरल्या आहेत. रुद्राचार्याचा शिष्य आणि महेश्वराचा भक्त असलेल्या एका राजानें शिष्यांच्या हितासाठीं त्या करविल्या, असें लेखच सांगतो. या लेखाचें वाचन व विवेचन पी. आर. भांडारकर यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडांत केलें, महाराष्ट्रीय विद्वत्तेचा हा एक सन्मान्य ठेवा आहे. दोन्ही दगडांचा हेतु मात्र निरनिराळा आहे. कुडुमियानमलैचा लेख शिकणाऱ्यासाठीं आहे. त्यांत गुरु शिष्याला पाठ देतो. सैकिलोसच्या स्तंभावर एक माणूस कोणा एका माणसासाठीं गातो.

तो कोणासाठीं गातो, हें मात्र पुरतें कळत नाहीं. गाण्याखालीं सैकिलोसचें नांव असून पुढें ‘एउतेर’ एवढींच अक्षरें वाचतां येतात. एउतेर्पी हें संगीताच्या देवतेचें नांव. तेंच पत्नीचें अथवा दुसऱ्या कोणा प्रिय व्यक्तीचें नांव असावें, असें कांहीं म्हणतात. तें सैकिलोसच्या पित्याचें नांव असावें, असें दुसऱ्या कांहींचें मत आहे. त्याखालच्या दुखावलेल्या शेवटच्या ओळींत ‘जिवंत आहे’ अशा अर्थाचा शब्द होता, असें मानतात. थडगें करविणारा स्वतः हयात असला म्हणजे असें लिहिण्याची त्या काळीं रीत होती.

पोतामोनचें नांव अभंग आहे, पण त्याचा सूर नाहीं. साबिनेच्या वयाचे दिवसहि मोजलेले आहेत, पण तिची गत नाहीं. सैकिलोसचा प्रत्येक स्वर आहे, पण ज्या व्यक्तीसाठीं तो लावला तिचें नांव अर्धेंच आहे. मृत्यूकडून सर्व कांहीं सोडवून आणणें कोणासच साधलें नाहीं. ज्याला जें अधिक प्रिय वाटलें तें त्यानें दगडाच्या हवालीं केलें. या तिन्ही दगडांना शेवटीं एकाच गोष्टीची गरज आहे, ती म्हणजे वाटेनें जाणाऱ्या जिवंत माणसाच्या आवाजाची. सैकिलोसचें गाणें म्हणावयास एक मिनिटहि लागत नाहीं. निरनिराळ्या देशांतील गायक तें आज मूळ स्वरांत म्हणतात, आणि साडेअठराशें वर्षांपूर्वींच्या एका घरांतील शोकाला, शोक करूं नये असें सांगणारा तोच सूर तेवढ्या वेळापुरता पुन्हां लागतो.